नांदेडला फरक पडत नाही

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. पायलटच्या शिक्षणासाठी माझ्या पुतणीची जी निवड चाचणी झाली, तिच्या आधीच मला कळलं होतं की मी पोरीला चुकीचं शिकवलंय. चाचणीला अजून अवकाश होता. एका फोनवर दुरुस्त झालं असतं. मी ते केलं नाही.

आमच्या घरात या प्रसंगाची जी हकीकत चालते ती वेगळी आहे. पोरगी हुशार, पण ऐनवेळी घाबरली, हातपाय गळाले, आणि मशीनवरचं खोटं विमान तिनं डोंगरावर नेऊन आदळलं. झालं, एवढंच. लग्नाकार्यात कुणीतरी हे सांगतं, बाकीचे हसतात, आणि हसणाऱ्यांत मीही असतो.

मी लातूरला एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आमच्या शहरात असे मास्तर गल्लोगल्ली आहेत. साऱ्या मराठवाड्यातून पोरं इथं डॉक्टर व्हायला येतात, आणि आम्ही त्यांच्याकडून चुंबक, भिंगं, प्रवाह असलं सगळं घोटून घेतो. थोरला भाऊ नांदेडला असतो. मोंढ्याच्या बाजारात त्याची हळदीची आडत आहे. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. वडील लवकर गेले, तेव्हापासून घरात अण्णाचाच शब्द चालतो. अजूनही.

बारावी झाल्यावर मी अण्णाला म्हणालो होतो की मला विमान चालवायचंय. तो दुकानात मजुराला पोती कुठं रचायची ते सांगत होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "विमान कुठं अन् आपण कुठं. बीएस्सी कर, मास्तर हो. लोक मान देतेत." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा घरात होतं काय! मला ते तेव्हाही कळत होतं. पण जे कळतं ते पचतंच असं नाही. मी बीएस्सी केली, मास्तर झालो, लोक मान देऊ लागले. विमानाचा विषय पुन्हा काढला नाही. आमच्या घरात विषय पुन्हा काढत नाहीत.

चाळिशी उलटल्यावर मी एक जरा बरा कॉम्प्युटर घेतला, जॉयस्टिक घेतली, आणि मागच्या खोलीत, जिथं उन्हाळ्याचा कूलर आणि वर्षाच्या ज्वारीची पोती असतात, तिथं टेबल मांडलं. विमान उडवायचं सॉफ्टवेअर मिळतं, खेळ म्हणा हवं तर. बायको त्या खोलीला 'तुमचं विमानतळ' म्हणायची. पाहुणे आले की सांगायची, "बसा, ते नांदेडला गेलेत, येतीलच उतरून." मी खरंच नांदेडला गेलेलो असायचो. लातूरची धावपट्टी सोडायची, मांजरा ओलांडायची, अहमदपूर खाली टाकायचं, आणि गोदावरी दिसली की नांदेड. एसटीनं हाडं खिळखिळी करत जो रस्ता कापतो, तो पडद्यावर चहा थंड व्हायच्या आत संपायचा.

मग मला ढगात उतरायचा नाद लागला. खिडकीबाहेर पांढऱ्या धुराशिवाय काही दिसत नाही. फक्त समोरचे काटे आणि आकडे. त्यांच्यावर भरवसा ठेवून इतक्या उंचीवर या, इतक्या अंशाकडं नाक वळवा, आता खाली या, आणि शेवटी धुरातून अचानक समोर धावपट्टी. ती दिसते त्या क्षणाला मला काय व्हायचं ते मी लिहू शकत नाही. दुसऱ्या कशात ते मला मिळालेलं नाही.

आता थोडं मास्तरासारखं बोलावं लागेल, कारण सगळी गोष्ट इथंच अडकलेली आहे. विमानाचं नाक कोणत्या दिशेला आहे ते अंशांत सांगतात, त्याला हेडिंग म्हणतात. अंश मोजायचे उत्तरेपासून. पण उत्तर दिशा दोन आहेत. एक नकाशावरची, जिथं पृथ्वीचा आस टेकतो ती. ती खरी उत्तर. दुसरी होकायंत्राची सुई दाखवते ती, चुंबकीय उत्तर. दोन्ही एका जागी नाहीत. दोन्हींमधला कोन गावागणिक बदलतो. कुठं तो पाच अंश असतो, कुठं वीस, कुठं त्याहून जास्त. विमानातलं यंत्र सहसा चुंबकीय उत्तरेवर चालतं, विमानतळाच्या चार्टवर, म्हणजे वैमानिकासाठीच्या उतरायच्या आराखड्यावर, छापलेले आकडेही चुंबकीयच असतात. नकाशावर कोनमापक ठेवून तुम्ही मोजता तो आकडा मात्र खऱ्या उत्तरेचा.

आणि आमच्या भागात हा फरक किती? एक अंशसुद्धा नाही. लातूर घ्या, नांदेड घ्या, सुई आणि नकाशा इथं जवळजवळ एकच बोलतात. म्हणून मी नकाशावर कोनमापक ठेवायचो, धावपट्टीची रेघ मोजायचो, तो आकडा यंत्रात टाकायचो आणि सरळ जाऊन उतरायचो. दर वेळी बरोबर. हैदराबादला गेलो, औरंगाबादला गेलो, तिथंही तेच. या दोन उत्तरांशी माझी कधी गाठच पडली नाही. दुसऱ्या कुठल्या देशातला माणूस हे पहिल्याच आठवड्यात आपटून शिकला असता. मी वर्षानुवर्षं बरोबर उतरत राहिलो.

तरी मला ते माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. बारावीच्या पुस्तकात हा कोन होता. दिक्पात कोन. मी दर वर्षी फळ्यावर तो काढायचो, एक सरळ रेघ, एक तिरकी रेघ, मधे कंस. दोन मार्कांचा प्रश्न. फळ्यावर तो मार्कांचा कोन होता आणि मागच्या खोलीत खेळ. मधल्या दारातून मी रोज जायचो-यायचो, पण ती गोष्ट इकडची तिकडं नेली नाही.

पुतणी अकरावीला आमच्याकडं राहायला आली. नांदेडला क्लास काय कमी आहेत? पण काका लातूरला, मग मुलगी लातूरलाच. तिलाही डॉक्टर व्हायचंय असं सगळ्यांनी ठरवलेलं होतं. पहिल्याच महिन्यात ती ज्वारीच्या पोत्यावर बसून माझं उडणं बघायला लागली. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, "काका, सरका." आणि ती उडवायला लागली.

ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे मला पहिल्या रविवारीच दिसलं, पण मी तिला ते कधी सांगितलं नाही. माझा हात जॉयस्टिकवर आवळायचा, तिचा हात नुसता ठेवलेला असायचा. विमान डुललं तर मी दोन्हीकडं झटके द्यायचो. ती थांबायची, बघायची, मग जरासं काहीतरी करायची. ढगात तर ती गप्पच व्हायची, आणि डोळे एका काट्यावरून दुसऱ्यावर असे फिरायचे जसे बायका दाण्यातले खडे बघतात. बायको एकदा दारात उभी राहून बघत होती. आत येऊन मला म्हणाली, "पोरगी तुमच्यासारखी न्हाई. तिला घाई न्हाई."

बारावी झाली. मार्क चांगले पडले, पण तिनं घरात सांगितलं की तिला डॉक्टर व्हायचं नाही, पायलट व्हायचंय. मी नांदेडला होतो तेव्हा. आता अण्णा काय बोलतो ते मला पाठ होतं. वाक्यसुद्धा तयार होतं माझ्या कानात. अण्णानं वहिनीकडं बघितलं आणि म्हणाला, "मोठ्या शाळेत घेतले तर जाय बाई. तुझा काका शिकवंल तुला."

मला म्हणाला होता न्हाई. हिला म्हणाला हाव.

त्या वेळी मी हसलो, पोरीच्या पाठीवर थाप मारली, वहिनीनं गोड केलं ते खाल्लं. एसटीत बसल्यावर माझ्या मनात काय आलं ते मी तेव्हा बघितलं नाही. आता बघतोय.

एका मोठ्या फ्लाइंग इन्स्टिट्यूटची निवड चाचणी होती, हैदराबादला. लेखी, मुलाखत, आणि शेवटी मशीनवर, म्हणजे सिम्युलेटरवर, उडवून दाखवायचं. अण्णानं आधीच बजावलं होतं: निवड झाली तर पाठवतो, नाही झाली तर विषय संपला, स्थळं बघायला लागतो. कोणतं विमानतळ असणार ते त्यांनी आधी कळवलं होतं, सराव करून या म्हणून. न्यूझीलंडमधलं होतं ते, डोंगरांच्या खिंडीत. ढगातून, काट्यांवर उतरायचं.

सरावाला ती पुन्हा लातूरला आली. मी तिला माझी पद्धत शिकवली: आधी नकाशा, कोनमापक, आपला आकडा आपण काढायचा. तिनं काढला. मग ती कागद घेऊन माझ्याकडं आली. इंटरनेटवरून तिनं त्या विमानतळाचा चार्ट उतरवून घेतला होता.

"काका, मी मोजलं तर सत्तर अंशांच्या आसपास येतंय. चार्टवर पन्नासच्या आसपास छापलंय. इतका फरक कसा?"

ती बरोबर जागी बोट ठेवून उभी होती. मी चष्मा लावला, कागद बघितला, आणि मला काही कळलं नाही. मला कळत नाही, एवढं म्हणायचं होतं. बायको दारात भाजी निवडत बसली होती. मी म्हणालो, "हे फुकटचे चार्ट कुणीबी बनवतंय. आणि हे सॉफ्टवेअरमधलं विमानतळ पण चुकीचं बनवलंय. नकाशा खोटं बोलत न्हाई. मोजलेल्यावर जा."

तिनं मोजलेल्यावर उडवलं. विमान उजवीकडं सरकत गेलं आणि डोंगरावर गेलं. पुन्हा उडवलं, पुन्हा डोंगर. ती माझ्याकडं बघायला लागली. मग मी काय केलं, तर विमानातल्या यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरून चाळत बसलो. एका यादीत हेडिंग कोणत्या उत्तरेवर दाखवायचं ते बदलायची सोय होती. मी ती बदलली. चुंबकीयवरून खरी. का करतोय ते नीट माहीत नसताना केली, क्लासमधली पोरं उत्तर जुळेपर्यंत सूत्रं बदलतात तशी. आणि उत्तर जुळलं. यंत्र नकाशाप्रमाणे बोलायला लागलं. ती सत्तरवर गेली आणि ढगातून धावपट्टी समोर आली.

"बघितलीस?" मी म्हणालो. "सेटिंग बिघडलेलं होतं."

"नांदेडला तर असं करावं लागत नव्हतं," ती म्हणाली.

"नांदेडला फरक पडत न्हाई," मी म्हणालो. हे माझ्या तोंडून निघालेलं त्या दिवसातलं एकमेव खरं वाक्य, आणि त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

पुढं तिनं तेच विमानतळ इतक्या वेळा घोटलं की तो सत्तर तिच्या अंगात मुरला. चार्ट तिनं घडी करून पुस्तकात ठेवून दिला. एकदाही चुकली नाही. ती नांदेडला गेली.

मग तो वर्ग. सकाळची बॅच होती. चुंबकत्व आलं होतं, दर वर्षीसारखं. मी फळ्यावर सरळ रेघ काढली, शेजारी तिरकी काढली, मधे कंस काढला, आणि बोलत होतो की जगात काही ठिकाणी हा कोन शून्याजवळ असतो तर काही ठिकाणी वीस अंशांच्याही वर जातो. वीस म्हणालो आणि माझा खडू थांबला. सत्तर आणि पन्नास. पोरं लिहून घेत होती. मी फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. चार्ट बरोबर होता. विमानतळ बरोबर होतं. सेटिंग बिघडलेलं नव्हतं, मी ते बिघडवलं होतं. आणि हैदराबादच्या मशीनवर ते सेटिंग कुणी बदललेलं नसणार.

बॅच संपल्यावर मी व्हरांड्यात जाऊन तिला फोन लावला. अण्णानं उचलला.

"तिचा फोन माझ्याकडं हाय. वाचून राहिली ती. काय काम होतं?"

"जरा बोलायचं होतं. उतरायच्या आकड्याबद्दल."

"आता न्हाई," अण्णा म्हणाला. "आता तिच्या डोक्यात आणखी काही घालू नको. तू शिकवलास, लई झालं. आता तिचं ती बघंल." मग त्यानं हळदीचा भाव कसा बसला ते सांगितलं, पाऊस तिकडं कसा आहे ते विचारलं. मी सगळ्याला उत्तरं दिली. शेवटी म्हणालो, "बरं अण्णा. ठेवतो."

त्यानं मला सबब दिली, आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली. घरी येताना मी स्वतःला सांगत होतो की अण्णानंच नको म्हटलं, आता काय करणार. मेसेज करता आला असता. वहिनीला फोन करता आला असता. सकाळच्या गाडीत बसून दुपारी दारात उभं राहता आलं असतं. मी पुतणीसाठी यापेक्षा क्षुल्लक कामाला नांदेडला गेलेलो आहे, एकदा तर तिचा विसरलेला स्वेटर द्यायला.

का केलं नाही, याचं उत्तर मी बरीच वर्षं 'लाज' असं देत होतो. काकाला साधा दिक्पात कळला नाही, हे भावासमोर कसं कबूल करायचं. लाज होतीच. पण तिच्याखाली आणखी एक होतं, ते लिहायचं म्हणूनच हे लिहायला बसलोय. माझं झालं नाही, मग हिचं का व्हावं? हे वाक्य मी मनात शब्दांत म्हटलं नव्हतं. शब्दांत म्हटलं असतं तर कदाचित घाबरून फोन केला असता. ते नुसतं तिथं बसून होतं, आणि मी त्याला उठवलं नाही.

हैदराबादला काय झालं ते मला तिच्याच तोंडून कळलं. मशीन मोठं होतं, खुर्ची हलणारी. हातात छापलेला चार्ट दिला, त्यावर तोच पन्नास. तिनं तो बघितला. तिला वाटलं, हा तोच चुकीचा चार्ट, इथंही तोच आहे. काका म्हणाले होते. तिनं सत्तर धरला. विमान उजवीकडं सरकायला लागलं तेव्हा तिला कळलं काहीतरी वेगळं होतंय. तरी ती आकडा सोडेना, कारण तो आकडा तिनं स्वतः मोजलेला होता. मग ढगातून डोंगर आला.

परीक्षकानं बाहेर अण्णाला सांगितलं म्हणे, मुलगी हुशार आहे, हात उत्तम आहे, पण दबावात गोंधळते. समोर आकडा छापलेला असताना दुसराच धरून बसली. अण्णानं त्यातलं एवढंच घरी आणलं: गोंधळली. घरी आल्यावर त्याचं झालं, घाबरली.

मी नांदेडला गेलो होतो. पुतणी आतल्या खोलीत होती, दार उघडंच होतं, बाहेरचं सगळं तिला ऐकू जात होतं. अण्णा मला म्हणाला, "तू तर शिकवणारा. तुला काय वाटतंय, काय झालं असंल?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "घाबरली असंल अण्णा. पहिल्यांदा होतंय असं."

हे मी बोललो. तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

पुढचं सगळं अण्णानं सांगितल्याप्रमाणे झालं. विषय संपला. तिनं नांदेडलाच बीएस्सी केली, मग स्थळं, मग धर्माबादला दिली. सासरचं मिरचीचं मोठं काम आहे, माणसं बरी आहेत. जावईही चांगला आहे. ती सुखात आहे असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणतो. फक्त ती पुन्हा लातूरला राहायला आली नाही. मागच्या खोलीतला कॉम्प्युटर मी एकदा क्लासच्या ऑफिसला देऊन टाकला. बायकोनं विचारलं, विमानतळ बंद? मी म्हणालो, डोळ्यांना त्रास होतो.

हल्ली दिक्पाताचा भाग अभ्यासक्रमातून काढून टाकलाय. ज्या वर्षी तो गेला त्या वर्षी मला बरं वाटलं होतं. आता फळ्यावर त्या दोन रेघा काढायला नकोत.

अलीकडं अण्णानं नांदेडला नवं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळे जमलो. पंगतीत पुतणी वाढत होती, कडेवर लेकरू, हातात आमटीचं भांडं. अण्णाचा मेव्हणा आहे एक, बडबड्या. तो मोठ्यांदा म्हणाला, "पायलटबाई, आमटी इकडं लँड करा जरा. डोंगरावर नका नेऊ." पंगत हसली. अण्णा हसला. पुतणीही हसली, आणि म्हणाली, "मामा, तुमचं पोट बघितल्यावर डोंगर कुठला ते कळंना झालंय." आणखी मोठं हसू झालं. माझा घास तोंडात होता. मी घास आवरून हसलो.

जेवणं झाल्यावर मागं हात धुवायला गेलो तर ती नळापाशी भांडं विसळत होती. मला तांब्या दिला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"काका, एक विचारू? तुम्ही म्हणला होतात ना, ते विमानतळच चुकीचं बनवलंय. मग हैदराबादच्या मशीनवर पण तसंच कसं होतं?"

मला वाटतं ती इतकी वर्षं ते धरून होती. आणि मला वाटतं तिला निम्मं ठाऊक होतं. तिला फक्त ते माझ्याकडून हवं होतं. मी हातावर पाणी ओतत राहिलो.

"सॉफ्टवेअर एकच असतंय सगळीकडं," मी म्हणालो.

"हाव. असंल." तिनं नळ बंद केला. मग लेकराचं नाक पदरानं पुसत म्हणाली, "मला आठवतंय त्याप्रमाणे मी घाबरले नव्हते काका. हात पण थरथरला न्हाई. पण सगळे म्हणले, तुम्ही पण म्हणलात, मग मला वाटतंय घाबरलेच असन."

ती आत गेली. मी तिथंच ओले हात घेऊन उभा राहिलो. आतून मेव्हण्याचा आवाज येत होता, अण्णा कुणाला तरी देवघराची फरशी कुठून आणली ते सांगत होता. चार पावलांवर सगळे होते. आत जाऊन बोलायचं होतं. मी रुमाल काढला, हात पुसले, आणि चप्पल घालून पानाच्या टपरीकडं गेलो.

तेव्हापासून धर्माबादला जायचं मी दोनदा ठरवलं आणि गेलो नाही. हे लिहिलंय, पण ती वाचन करत नाही आता, आणि अण्णा तर कधीच करत नव्हता. लिहून झाल्यानं काही भागलेलं नाही, हे मला कळतंय.

तिच्या बापासमोर आणि त्या मेव्हण्यासमोर, ती ऐकत असताना, एवढं बोलायचं देणं मी लागतो: पोरगी घाबरली नव्हती. तिनं विचारलेला प्रश्न बरोबर होता, चार्ट बरोबर होता, चुकीचं मी शिकवलं होतं, आणि ते मला चाचणीच्या आधी कळलं होतं. हे मी अजून बोललेलो नाही.